भिंतीवरची आफरीन

“ओ काका! भिंतीला हात लावू नका! तुम्हालाच बोलतोय, ओ!”

हातातला फोन तसाच धरून बारमालक रितेश धावत बाहेर आला. तोवर मुसाने लोखंडी पट्टीने ‘आफरीन सोडा’मधल्या ‘आ’चा काना उडवलासुद्धा होता. मी गाडीच्या सावलीत उभा राहून गंमत बघत होतो. गंमत कसली, कप्पाळ माझं! सकाळपासून पोटात एक कप चहा, आणि वर मे महिन्याचं ऊन.

खेडजवळ हायवेला हा बार आहे. हॉटेल समाधान. रितेशच्या आजोबांनी काढला तेव्हा पुढे ऐसपैस ओटी होती, जांभ्याचे खांब होते, आणि फणसाखाली गाड्या लावून ट्रकवाले निवांत बसायचे. हायवे चौपदरी झाला आणि ओटी, फणस, पुढची खोली, सगळं रस्त्यात गेलं. उरलेला अर्धा बार आता रस्त्याच्या कडेला उघडा पडल्यासारखा उभा आहे. बाजूची भिंत तेवढी वाचली. तिच्यावर निळ्या रंगातली जुनी जाहिरात, एक गोटीची बाटली आणि शेजारी ‘आफरीन सोडा, तहान मोडा’.

“काका, अहो या भिंतीवर धंदा चाललाय माझा,” रितेश म्हणाला. “मुंबई-पुण्याची पोरं बुलेट घेऊन गोव्याला जाताना जुने बार बघत बघत जातात. हिच्यासमोर फोटो काढतात आणि मग आत येऊन बसतात. आणि तुम्ही ती खरवडताय?”

मुसाने पट्टी खाली केली. डोक्यावरची टोपी नीट केली.

“तुझ्या आजोबाला सोड्याची पयली पेटी मीच दिलेली, बाबा. मी मुसा. दापोलीचा. ह्यो सोडा माझा.”

“हो का? बरं मग?”

“मी हजला चाललोय पुढच्या आठवड्यात. जायच्या आधी ज्यांच्याशी येवार केला त्या सगळ्यांची माफी मागायची असते. तुझे आजोबा गेले, बापूस गेला. आता तूच हायस. बोललंचाललं माफ कर.”

रितेशला काही कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे बाबा रे, हो म्हण आणि मोकळा हो.

“माफ केलं की,” तो म्हणाला. “पण भिंत?”

“भिंतीवर माझ्या पोरीचं नाव हाय. पोर आता न्हाय. तेवढं मना पुसू दे.”

रितेश भिंतीकडे बघत राहिला. एवढी वर्षं रोज बघितलेलं ते नाव एखाद्या माणसाचं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. मग आत जाऊन त्याने एक स्टूल आणून ठेवलं, मुसाचा हात वरच्या अक्षरांना पोचत नव्हता म्हणून. पोरगं तसं बरं आहे.

मुसाने फक्त नाव खरवडलं. बाटली राहिली, ‘सोडा’ राहिलं, ‘तहान मोडा’ राहिलं. दाढीत निळी धूळ घेऊन तो गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, “चल धोंडू. मंडणगड.”

मी धोंडू. मुसा आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर. पुढे त्याने दापोलीत सोड्याचा कारखाना काढला आणि मी त्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर लागलो. लोकांसमोर मी त्याला मुसाभाय म्हणतो, एकटे असलो की मुसा. आम्ही दोघांनी मिळून या भागातला एकही बार सोडला नाही. फरक एवढाच की मी पुढच्या दाराने आत जायचो आणि तो मागच्या दाराशी उभा राहायचा. भरलेल्या पेट्या उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, सलाम करायचा, पुढे चालायचं. जन्मात त्याने दारूचा थेंब घेतला नाही. आणि बाराच्या उंबऱ्याच्या आत मी त्याला कधी बघितला नाही. कुणी बोलावलं तरी म्हणायचा, “माझं काम दारापरेंत.” लोक हसायचे. बारवाल्यांना सोडा पाजणारा हा हाजी, म्हणायचे.

आता कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि गोटीचा सोडा गेला. टेम्पो विकला. आज माझ्या मुलाची, दर्शनची, गाडी मागून आणली होती. मुसाने एकच अट घातली होती.

“आज तू प्यायची न्हाय.”

“दिवसभर बारबार फिरायचं आणि कोरडं परत यायचं?” मी म्हटलं होतं. “अरे, लग्नात जाऊन उपाशी येण्यासारखी गत झाली ही.”

“मग नको येव. मी एसटीनं जातो.”

असल्या माणसापुढे काय बोलणार? आलो.

मंडणगडचा रस्ता वळणावळणाचा. दोन्ही बाजूला काजू. मुसा खिडकीतून बाहेर बघत तसबीचे मणी फिरवत होता. त्याच्या मनात जे होतं ते मला सगळं ठाऊक होतं.

कारखाना सुरू झाला त्याच साली मुसाला मुलगी झाली. त्याची बायको खतिजाभाभी म्हणाली, पोर पायगुणाची आहे. मुसाने तिचं नाव कारखान्याला दिलं. नुसतं पाटीवर नाही, बाटल्यांच्या काचेत उठवून घेतलं. किती मिरवायचा तेव्हा! आमच्याकडे होडीला पोरीचं नाव घालतात, बायकोचं घालतात, त्यात कुणाला गैर वाटत नाही. मुसाने तोच हिशेब केला. पण होडी समुद्रात जाते आणि सोडा बारात जातो. आत टेबलाटेबलावर काय हाक मारतात ते त्याला कुठून कळणार? तो दाराबाहेर. आत सगळे ओरडायचे, “ए, दोन आफरीन दे! थंड बघून दे!” मीही ओरडायचो. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नसायचं. सोड्याचं नाव ते.

ते नाव पहिल्यांदा लागलं ते पोरीलाच. हायस्कुलात गेली आणि वर्गातली पोरं तिला विचारायला लागली, “आफरीन, लिंबू घालून की मीठ घालून?” एका दुपारी रडत कारखान्यात आली. मी तिथेच होतो. “अब्बा, माझं नाव काढा. दारुडे लोक माझं नाव घेतात.” मुसा हसला. म्हणाला, “अगो बाये, तुझ्या नावावर घर चालतंय. लोकं बरकतीचं नाव घेतात.” तिने एक बाटली उचलली आणि आपटली. काचा झाल्या. गोटी घरंगळत माझ्या पायाशी आली.

पुढे तिचं लग्न ठरलं. मुलगा कुवेतला. बैठकीत मुलाचा मामा गमतीने म्हणाला, “म्हणजे सोडेवाली आफरीन हीच काय?” सगळे हसले. ती आत उठून गेली. पाठवणीच्या दिवशी बापाच्या गळ्यात पडली तेव्हाही म्हणाली, “आता तरी पुसा.” मुसा म्हणाला, “पुसतो, बाये. सगळं पुसतो.” त्याचं मन खोटं नव्हतं. पण बाटल्या नव्या करायच्या म्हणजे कारखानाच नवा करायचा. आज करू, उद्या करू. तिचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, “अब्बा, पुसलंत?” आणि याचं उत्तर, “हां, पुसतो.” मग कधीतरी तिने विचारणं सोडलं. मुसाला वाटलं, विसरली. मला तसं वाटलं नव्हतं. लेकरू हट्ट सोडतं तेव्हा ते शहाणं झालेलं असतं नाहीतर दूर गेलेलं असतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी तिला तिकडे ताप भरला, तो डोक्यात गेला. चार दिवसांत संपली. माती तिकडेच झाली. मुसाने आणि भाभीने ती फोनवर बघितली, नातू अद्नान फोन धरून उभा होता. रेतीच रेती, म्हणाला मुसा. एक झाड नव्हतं रे धोंडू.

तेव्हापासून त्याने एकच धोसरा घेतला, पोरीची माफी मागायची राहिली. हजचा नंबर लागला तसा तो मौलानांकडे गेला. जिची माफी मागायची तीच हयात नसेल तर काय करायचं, म्हणून विचारलं. मौलाना म्हणाले, तिच्यासाठी दुवा कर, तिच्या नावाने गरिबाला दे, आणि जी चूक हाताने दुरुस्त होण्यासारखी असेल ती हाताने दुरुस्त कर. मुसा घरी आला आणि त्याने ही पट्टी घासायला घेतली.

मंडणगडच्या अलीकडे घाटमाथ्यावर तो बार आहे. पाटीवरचं नाव कधीच पुसलं गेलं, लोक नुसतं ‘घाटावर’ म्हणतात. बुटकं दार, आत भर दुपारी काळोख, भिंतीला टेकून जुने बाकडे, आणि एका कोपऱ्यात लाल दिवा लावलेला गणपती. इथला वेटर विठू. माझ्याहून म्हातारा. अजून दुकान उघडलं की पहिल्या बाटलीतला थेंब तो बाहेर आंब्याच्या मुळाशी जागेच्या राखणदाराला घालतो, मगच गिऱ्हाइकाला. आम्ही गेलो तेव्हा बाराच्या मागच्या पायरीवर बसून कांदे चिरत होता.

“मुसाभाय!” तो उठायला गेला आणि गुडघा धरून परत बसला. “आवो, किती वर्सांनी! धोंड्या, मेल्या, तू अजून हायस?”

“तुला पोचवल्याशिवाय कसा जाणार?” मी म्हटलं.

“बसा बसा. ए पोरी, दोन गिलास आण. मुसाभायना आफरीन दे, थंड...”

बोलता बोलता त्याचं त्यालाच हसू आलं. “आता कुठली आफरीन! कंपनीचा सोडा येतो. पण तोंडाला तेच नाव बसलंय बगा. आमच्या हितं समदे अजून तेच बोलतात.”

मुसाचा चेहरा उतरला. तो विठूच्या समोर उकिडवा बसला आणि त्याचे कांद्याने ओले झालेले हात त्याने हातात घेतले.

“विठू, बोललंचाललं माफ कर. हजला चाललोय.”

“माफी कसली ओ! तुमी कदी वावगं बोलला न्हाय.”

“आणि एक माग्नं हाय. ते नाव घेव नको. आफरीन गेली माझी. कुवेतला. तिला आवडत न्हवतं दारूच्या जागी तिचं नाव घेतलेलं.”

विठूने मांडीवरची सुरी खाली ठेवली.

“आरं देवा,” म्हणाला. “एवढीशी होती. टेम्पोत तुमच्या मांडीवर बसून यायची. मी तिला खारे दाणे द्यायचो.” मग म्हणाला, “मग काय बोलू?”

“सोडा बोल. नुसता सोडा.”

“बरं. सोडा बोलीन. आतल्यांनाबी सांगतो.” त्याने कानाच्या पाळीला हात लावला. कांद्यामुळे की कशामुळे, डोळे पुसत होता.

इथली भिंत मागच्या बाजूला, गुरांच्या गोठ्याकडे. अक्षरं जवळजवळ गेलेलीच होती, ‘न’ तेवढा शाबूत होता. तरी मुसाने सगळं खरवडलं. जिथे रंग नव्हता तिथेही पट्टी फिरवली.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. “मुसा, भिंती खरवडशील. लोकांची तोंडं कुठवर खरवडशील?”

“जेवढं हातात हाय तेवढं.”

“अरे पण लोक नाव घेतात ते प्रेमानं घेतात.”

तो एकदम माझ्याकडे वळला. “तिला नको होतं, धोंडू! पोरीनं बापाजवळ एक गोष्ट मागितली. सोनं नाही मागितलं, जमीन नाही मागितली. माझं नाव पूस, एवढंच. आणि मी ते केलं नाय. आता तिकडं जाऊन अल्लासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? आधी तो विचारील, पोरीचं काम केलंस काय?”

मी गाडी बाजूला घेतली. तो रडत होता. साठी उलटलेला माणूस, दाढी निळी झालेली, टोपी मांडीवर. मी त्याला पाण्याची बाटली दिली. प्यायला नाही, नुसती धरून बसला. मी बाहेर उतरून उगाच टायर बघितले.

भिंतीवर नाव उरलेल्या तिघांपैकी शेवटचा राहिला बुरोंडीचा बार. गंगूबाईचा.

गंगूबाई म्हणजे जबर बाई. नवरा होडीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा पदरात पोर घेऊन तिने बंदराच्या वाटेवर खानावळ काढली. पुढे परवाना मिळवून त्याच खोलीत बार. जुन्या होडीच्या फळ्यांचे बाकडे, वर कौलं, दारात वाळत घातलेली जाळी, आणि आत तळलेल्या बांगड्याचा वास. तिच्याकडे पिऊन कुणी वाकडं बोललं तर ती त्याला हाताला धरून समुद्रापर्यंत नेऊन सोडायची. मुसाला मात्र मानायची. त्याच्यासाठी मागच्या दाराशी एक पाट ठेवलेला असायचा. कारखाना बंद झाला आणि आमचं बुरोंडीकडे जाणं सुटलं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मी गाडी लावली, आणि दोघेही भिंतीकडे बघत राहिलो.

इथली जाहिरात लख्ख होती. नवीकोरी निळी. बाटलीतली गोटीसुद्धा पांढरी रंगवलेली. आणि ‘आफरीन’ इतकं मोठं, इतकं ठळक की बंदरावरून वाचता यावं.

“ह्या कोणी केलं?” मुसाचा आवाज चढला. “कारखाना बंद होऊन जमाना झाला. कोणी रंगवलं ह्या?”

गंगूबाईची सून अक्षया बाहेर आली. तिला विचारलं तर म्हणाली, “सासूबाय करतात दरवर्षी, दसऱ्याच्या आधी. का ते मना नाय म्हायती. मासळीच्या लिलावाला गेल्यात बंदरावर, येतीलच. बसा ना.”

“थांबूया, मुसा,” मी म्हटलं. “बाई येऊ दे. तिच्या घरची भिंत आहे.”

“मगरिबच्या नमाजाआधी मना घरी पोचायचंय. हिची माफी मागून घेईन. पण ह्या राहू देनार नाय.”

त्याने पट्टी घेतली. रंग ताजा, तेलाचा. सुटता सुटेना. मुसा घामाघूम झाला, बोटं सोलली, तरी थांबला नाही. मी म्हटलं, आण इकडे, मी करतो. तर नको म्हणाला. म्हणाला, हे माझं मीच करायला पाहिजे. एकेक अक्षर पडत गेलं. खाली पायाशी निळी सालं जमली. शेवटच्या ‘न’ची काठी खरवडून तो मागे सरकला आणि म्हणाला, “झालं, बाये. सगळं झालं.” मला नाही, तिला म्हणाला.

त्याच्या तोंडावर किती दिवसांनी जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मलाही हलकं वाटलं.

तेवढ्यात गंगूबाई आली. डोक्यावर टोपली, पाठीत वाकलेली, पण चाल तीच. मुसाला बघितलं आणि टोपली तिथेच वाटेत ठेवून हसत पुढे आली.

“आलांत! मी मनाशी बोलत होती, एक दिस येतील म्हणून. बाय कुठाय? गाडीत हाय?”

मुसाला कळलं नाही. “कुठली बाय?”

“कुठली काय इचारतांव? तुमची बाय. आफरीन.” तिने गाडीच्या काचेतून आत डोकावूनही बघितलं. “मना बोलून गेलेली, अब्बांना घेऊन येते म्हणून.”

मी म्हटलं, “गंगूबाय, जरा आत चल.” पण तिचं लक्ष नव्हतं. ती सांगतच सुटली.

“तीन-चार वर्सं झाली. सुट्टीवर आलेली. लेकाला घेऊन आली दर्या दाखवायला. हितं भिंतीसमोर उभी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. रंग पार गेलेला तेव्हा. पोराला बोल्ली, ह्या बघ, ह्या माझं नाव. तुझ्या नानानं घातलं. माझ्या जल्माच्या आनंदात घातलं. मी लहान होती तेव्हा मना लाज वाटायची, बोल्ली. आता तिकडं परमुलखात कोण नावानं हाक मारीत न्हाय, तर हितं आख्खा गाव माझं नाव घेतो. मना बोल्ली, गंगूमावशी, रंग मारून घ्या, जाऊ देव नका. पुढल्या सुट्टीला अब्बांना घेऊन येते नि दाखवते. त्यांना आधी सांगू नका, गंमत करायचीय. म्हणून मी दर वर्साला...”

तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“आगे बाय माझे! ह्या कुणी खरवडलं?”

मुसाच्या हातात पट्टी होती. गंगूबाईने पट्टी बघितली, त्याची दाढी बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं. माझी मान आपोआप खाली गेली. तिने पदर तोंडाला लावला.

“न्हाय,” ती म्हणाली. “न्हाय, न्हाय. कवा?”

“तिसरं वर्ष लागलं,” मी म्हटलं.

ती तिथेच, मासळीच्या टोपलीशेजारी बसली आणि मोठ्याने रडायला लागली. आतली दोन-चार माणसं दारात आली. अक्षया पाणी घेऊन धावली.

मुसा रडला नाही. तो खाली वाकला आणि ती निळी सालं गोळा करायला लागला. हातात घेतली, भिंतीवर जिथे नाव होतं तिथे धरून बघितली. ती पडली. परत उचलली. काय सांगू, मला तिथून पळून जावंसं वाटलं. सकाळपासून मी त्याला गाडीत घालून फिरवला, एकेक भिंत दाखवली. आणि पोरीने जी एक जपायला सांगितली होती तीही त्याने आपल्या हाताने संपवली.

“मुसा, सोड ते,” मी म्हटलं. “परत रंगवू. उद्या रंगारी आणतो.”

“ती इथं उभी होती, धोंडू,” तो म्हणाला. “इथं. आणि मना म्हायती नाय.”

गंगूबाईने डोळे पुसले आणि उठली. त्याच्या हातातली सालं तिने काढून घेऊन आपल्या पदरात बांधली. मग त्याच्या दंडाला धरून म्हणाली, “आत चला. हितं उन्हात नका बसू.”

मला वाटलं, मागच्या दाराशी नेईल, पाटावर. पण ती त्याला सरळ पुढच्या दाराने घेऊन गेली, आणि तो गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुसाने बाराचा उंबरा ओलांडला. ती त्याला होडीच्या फळीवर बसवून आत गेली. मी शेजारी बसलो. समोर अर्धवट भरलेले ग्लास, माशांचे काटे, खारे दाणे. कुणीतरी आपला ग्लास हळूच टेबलाखाली ठेवला.

कोपऱ्यात एक म्हातारा खलाशी एकटाच बसला होता. कानाने बहिरट, बाहेर काय झालं त्याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने ग्लास वर धरून बघितला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

“ए बाये! आफरीन दे गो!”

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. अक्षया घाबरून पुढे झाली, तोंडावर बोट ठेवून त्याला खुणा करायला लागली. मीही उठलो. मुसाने माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.

तो उठून म्हाताऱ्याजवळ गेला. सोड्याच्या पेटीतली एक बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली, स्वतःच्या हाताने उघडली, ग्लासात ओतली. मग त्याच्या कानाशी वाकला.

“परत एकदा हाक मार,” तो म्हणाला.

“आं? आला की सोडा.”

“आलाय. तरी मार. जरा मोठ्यानं.”

म्हाताऱ्याला वाटलं असेल, याला चढली आहे. पण त्याने हाक मारली. होडीवरून किनाऱ्यावरच्या माणसाला मारतात तशी, तोंडाशी हात धरून, मोठ्याने.

“आफरीन!”

मुसा दाराकडे बघत उभा राहिला.